कान वाजले म्हणून काय झाले?

न उच्चारलेला शब्द आपण ऐकला असे कोणी म्हणाले, की आपण चटकन सांगतो, “तुझे कान वाजले असतील!” कान वाजणे म्हणजे भास होणे, नसलेले ऐकणे, थोडक्यात मनावर घेण्याजोगे काही नसणे, हा अर्थ आपल्या बोलण्यात फार खोल रुजला आहे. इतका, की एखाद्याचे कान खरोखरच रात्रंदिवस वाजत असले तरी आपण त्यालाही तोच न्याय लावून मोकळे होतो. घरचे म्हणतात, “वय झालं, चालायचंच.” शेजारी म्हणतात, “माझेही वाजतात अधूनमधून, मी लक्षच देत नाही.” आणि डॉक्टरांपैकीही काही जण कानात दिवा धरून पाहतात, पडदा शाबूत आहे असे सांगतात आणि “सवय करून घ्या” म्हणून पुढच्या रोग्याला हाक मारतात. तो बापडा फी देतो, घरी येतो आणि दिवे मालवल्यावर पुन्हा त्या रातकिड्यांच्या तावडीत सापडतो.

या तिन्ही उत्तरांवर माझा आक्षेप आहे. ती देणारी माणसे दुष्ट असतात असे नव्हे. बहुधा ती प्रेमळच असतात. पण त्या सर्वांचे मोजमापच चुकलेले असते. दुखणे केवढे आहे हे ती आवाजावरून ठरवू पाहतात. आणि तो आवाज त्यांना ऐकू येत नसल्यामुळे दुखणेच नाही असा निकाल देतात. माझे म्हणणे असे की, कर्णनादाची तीव्रता तो आवाज किती मोठा आहे यावर ठरतच नाही. तो माणसापासून काय काय हिरावून घेतो, यावर ती ठरते. आणि ते त्या माणसाला विचारल्यावाचून जगातल्या कोणत्याही यंत्राला कळत नाही.

हे दुखणे आजकालच्या धकाधकीने जन्माला घातले, असेही कोणी समजू नये. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत आणि त्यांत कर्णनाद आहे. कोणाला शिटी ऐकू येते, कोणाला वाफेचा फुत्कार, कोणाला भुंग्याची गुणगुण. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसल पेशी वयाने, गोंगाटाने किंवा एखाद्या औषधाने दुखावतात. मग मेंदूकडे जाणारी वार्ता तुटक होते आणि मेंदू ती भरून काढण्यासाठी आपली संवेदनाच वाढवतो, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. रेडिओवर स्टेशन नीट लागत नसले म्हणजे आपण आवाजाची कळ पिळतो आणि गाण्याऐवजी खरखरच मोठी होते, तसलाच हा प्रकार. जगभरची पाहणी एकत्र करून २०२२ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा की, प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना हा नाद ऐकू येतो आणि सुमारे २ टक्क्यांना तो तीव्रपणे छळतो. शंभरातले दोन! एखाद्या मोठ्या चाळीत अशी चारपाच माणसे तरी निघावीत. आपण त्यांतल्या किती जणांना ओळखतो?

आता शेजाऱ्याचा युक्तिवाद पाहू. “माझेही वाजतात,” हे त्याचे म्हणणे खोटे नाही. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगले ऐकू येणाऱ्या ८० माणसांना एका ध्वनिरोधक खोलीत काही मिनिटे बसवले, तेव्हा त्यांतल्या दहांपैकी नवांहून अधिक जणांना कसला ना कसला आवाज ऐकू आला. म्हणजे पुरती शांतता मिळाली की जवळजवळ प्रत्येकाचा कान गुणगुणतो. पण यावरून शेजारी जो निष्कर्ष काढतो तो नेमका उलटा आहे. ‘सर्वांनाच ऐकू येते, म्हणून कोणालाच त्रास नाही’ असे यातून निघत नाही. आवाज ऐकू येणे आणि आवाजाने छळणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढेच यातून निघते. पावसाचे चार थेंब सर्वांच्याच अंगावर पडतात; म्हणून ज्याचे घर वाहून गेले त्याला “आम्हीही भिजलो” असे कोणी सांगत नाही.

मोजमाप करणाऱ्यांचीही तीच गत. ध्वनिमापनाच्या खोलीत बसवून यंत्रातला सूर कमीजास्त करीत रोग्याच्या कानातल्या नादाशी जुळवता येतो. असे जुळवले म्हणजे बहुतेकांचा नाद त्यांना जेमतेम ऐकू येणाऱ्या पातळीहून थोड्याच डेसिबलांनी वर भरतो. “एवढासाच तर आहे!” असे मग म्हटले जाते. पण समजा, दोघा गृहस्थांचा नाद या यंत्रात अगदी सारखा भरला. त्यांतला एक रात्री पंखा लावतो, कूस बदलतो आणि घोरू लागतो. दुसरा पहाटे तीनला उठून गॅलरीत येरझारा घालतो, दिवसा हिशेबाच्या वहीत दोनदोनदा चुकतो, नातवाच्या बडबडीवर खेकसतो, भजनाला जायचे सोडून देतो. यंत्राच्या लेखी दोघेही समान. ज्या मापाला या दोन माणसांतला फरक दिसत नाही, त्याला तीव्रतेचे माप कोणत्या तोंडाने म्हणावे?

चेक संगीतकार स्मेताना १८७४ साली बहिरा झाला. दोन वर्षांनी त्याने ‘माझ्या आयुष्यातून’ या नावाचे चार तंतुवाद्यांचे एक वादन रचले. त्याच्या शेवटच्या भागात, सारे आनंदात चाललेले असताना, व्हायोलिनवर एकच टिपेचा स्वर लांबवर ताणलेला ऐकू येतो. बहिरेपणाआधी त्याच्या कानात घुमू लागलेला तोच हा स्वर. आपल्या दुखण्याचा पुरावा त्याला असा साऱ्या जगाच्या कानात घालता आला, कारण तो स्मेताना होता. पोस्टातल्या कारकुनाने किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागावर जन्म काढलेल्या विणकराने काय करावे? त्याच्यापाशी पुरावा म्हणून फक्त त्याचा शब्द असतो, आणि तोच आपण खोडून काढतो.

बरे, शब्दावर विसंबून मोजमाप करता येत नाही, असेही नाही. १९९६ साली अमेरिकेत एक २५ प्रश्नांची यादी तयार झाली. ती आजही जगभर वापरली जाते. ‘होय’ला ४ गुण, ‘कधीकधी’ला २ आणि ‘नाही’ला शून्य, एकूण १००. पुढे तिच्यावरून पायऱ्या ठरवल्या गेल्या: १६ पर्यंत किरकोळ, ३६ पर्यंत सौम्य, ५६ पर्यंत मध्यम, ७६ पर्यंत तीव्र आणि त्यावर अतितीव्र. त्या प्रश्नांत नादाची पट्टी कोणी विचारत नाही. कामात मन लागते का, झोप लागते का, चारचौघांत जावेसे वाटते का, चिडचिड होते का, हताश वाटते का, अशी चौकशी त्यांत असते. म्हणजे घरातल्या शहाण्या माणसाने जे सहज विचारावे तेच! “बाबा, आज आवाज किती आहे?” असे रोज विचारू नये, त्याने बाबा बिचारे दिवसभर आपल्या कानावर पहारा ठेवतात. “बाबा, काल झोप झाली का? पेपर वाचवला का?” असे विचारावे. आणि जगणे नकोसे झाल्याची भाषा कोणाच्या तोंडी आली, तर “काहीतरीच काय बोलता” म्हणून तिला झटकू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. १४४१६ ही सरकारी मानसिक आरोग्य सेवाही दिवसरात्र चालू असते.

इथे कोणी चतुर वाचक मला पेचात धरील. “नादाकडे लक्ष दिल्याने तो वाढतो, असे तुम्हीच सुचवता, मग ‘दुर्लक्ष करा’ म्हणणाऱ्यांचे काय चुकले?” प्रश्न रास्त आहे. दुर्लक्ष हे औषध खरेच. पण ते हुकूम सोडून मिळत नाही. रुळांलगतच्या चाळीत राहणाऱ्याला रात्रीची गाडी ऐकू येत नाही, पण शेजारच्या पाळण्यात पोर किंचित कुरकुरले तरी आई जागी होते. मेंदू आवाजाचा आकार पाहत नाही, त्याचा अर्थ पाहतो. ज्यात धोका नाही असे त्याला पटते ते तो आपणहून सोडून देतो. तेव्हा आधी भीती जायला हवी: हा नाद म्हणजे वेड नव्हे, आणि बहुतेकांच्या बाबतीत कोण्या भयंकर रोगाची नांदीही नव्हे, हे कोणीतरी वेळ काढून, कान तपासून, समजावून सांगायला हवे. ते न करता “दुर्लक्ष करा” म्हणणे म्हणजे पोहायला न येणाऱ्याला काठावरून “बुडू नका” असे बजावणे.

समजावण्यालाही शास्त्र आहे. विचारांची आणि सवयींची घडी बदलणारी जी मानसोपचाराची पद्धत आहे, तिच्यावरचे २८ अभ्यास २०२० साली एकत्र तपासले गेले. तिने नादाचा जाच कमी होऊ शकतो, असे आढळले. नाद तसाच राहतो. माणूस मात्र त्याच्या तावडीतून सुटू शकतो. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने अनेकांना दुहेरी लाभ होतो. बाहेरचे जग पुन्हा ऐकू येऊ लागले की आतला नाद मागे सरतो. रात्री निःशब्द खोलीत निजण्यापेक्षा पंख्याची घरघर किंवा मंद सूर बरा. आणि नादाच्या धास्तीने दिवसभर कानांत बोळे घालून बसू नये. त्या शांततेत तो अधिकच बोलू लागतो.

याउलट हमखास गुणाच्या जाहिराती पाहा! अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ सालच्या मार्गदर्शनात जिंको, जस्त आणि तत्सम पूरक गोळ्या यासाठी देऊ नयेत असे स्पष्ट सांगितले. तरी त्यांचा बाजार तेजीत आहे. घरोघरचे लसणीचे कढत तेल तर विचारूच नका. पडद्याला भोक असले तर ते आत उतरून नवे दुखणे उभे करते. आणखी काही भाविक मंडळी “हा अनाहत नाद आहे, भाग्यवान आहात” असे म्हणतात. योग्याला जे साधनेने लाभते ते त्याचे त्याला लखलाभ. पण ज्याची आठ रात्री झोप झालेली नाही, त्याच्या गळ्यात भाग्याची माळ घालू नये.

मात्र एक भेद प्रत्येक घराने ध्यानात ठेवावा. नाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, सोबत भोवळ असेल किंवा तोंड वाकडे झाले असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. आणि अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जावे. त्या उपचारात एकेका दिवसाचे मोल असते.

हे सारे ऐन दिवाळीत का सांगता, असे कोणी म्हणेल. दिवाळीतच सांगायला हवे. मोठ्यांच्या कर्णनादाला ‘काही नाही’ म्हणणारे आपणच, बॉम्ब फोडून आलेला पोरगा “कान सुन्न झाले, शिटी वाजतेय” म्हणाला की हसतो. ती शिटी म्हणजे दुखावलेल्या पेशींची तक्रार असते. बहुधा ती दिवसाभरात थांबते. पण माणसाच्या कानातल्या मेलेल्या केसल पेशी पुन्हा उगवत नाहीत. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरांवर १२५ डेसिबलांहून अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांना १९९९ पासून मनाई आहे. पण आपली मुले ४ मीटर मोजून थोडीच उभी राहतात? अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलांनी चढतो. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या कर्ण्यांपुढे आणि ढोलताशांच्या पथकात तास न् तास उभ्या राहणाऱ्या तरुणांचीही तीच कथा. त्यांना कानात घालायला चार रुपयांचे बोळे देणे हा आपल्याला भेकडपणा वाटतो!

फुलबाज्या लावा, भुईनळे उडवा, आकाशकंदील टांगा. प्रकाशाचा सण प्रकाशाने साजरा करायला कोणाची ना नाही. पण फराळाच्या ताटाभोवती सगळे जमतील, तेव्हा जो वडीलधारा बोलण्यातून हळूच अंग काढून घेतो, त्याच्याकडे एकदा पाहा. “रात्री झोप लागते का हो?” असे त्याला विचारा, आणि तो जे सांगेल ते खरे माना. उपचाराची पहिली पायरी तीच आहे, आणि ती चढायला डॉक्टर लागत नाही.