खांड नेमकी कुठे पडली?

पेण-रोह्याकडच्या शेतकऱ्याला बांधाचे महत्त्व सांगायला नको. उधाणाचे पाणी चढते, खारेपाटातल्या बांधाला खांड पडते आणि बघता बघता सारे शिवार खाऱ्या पाण्याखाली जाते. पाणी सगळीकडे दिसते, पण सुरुवात कधी कधी चिंबोरीच्या एका बिळातून झालेली असते. ते बीळ वेळेवर सापडले तर चार टोपल्या मातीत काम भागते.

फेफऱ्याचे, म्हणजे फिटच्या आजाराचेही पुष्कळदा असेच असते. माणूस धाडकन पडतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो. घरच्यांना वाटते, सगळे अंगच बिघडले. पण बिघाड असतो मेंदूत. मेंदूतल्या पेशी विजेच्या अगदी बारीक प्रवाहाने एकमेकींना निरोप देतात. या कामात एकाएकी गोंधळ उडाला की फिट येते. कित्येकांत हा गोंधळ मेंदूच्या एका लहानशा जागेतून सुरू होतो आणि तिथून पसरतो. जन्माच्या वेळी बाळ गुदमरणे, डोक्याला मार, मेंदूज्वर, मेंदूतली जंताची गाठ किंवा गर्भातच मेंदूची घडण चुकणे, अशी त्याची नाना कारणे आहेत. बाहेरची बाधा त्यात कोठेही नाही.

आपल्या देशात हजार माणसांमागे साधारण पाच जणांना हा आजार असतो. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावात दहा घरे झाली. त्यातल्या बहुतेकांची फिट गोळ्यांनी आटोक्यात येते. मात्र गोळ्या रोज, ठरल्या वेळी आणि डॉक्टर सांगतील तितकी वर्षे घ्याव्या लागतात. लावणीच्या घाईत दोन दिवस गोळी चुकली आणि चिखलात फिट आली, असे होऊ देऊ नका.

पण तीनातल्या एकाला गोळ्या पुऱ्या पडत नाहीत. योग्य निवडलेली दोन औषधे, योग्य मात्रेत, नीट घेऊनही फिट थांबली नाही, तर डॉक्टर त्याला औषधाला न जुमानणारे फेफरे म्हणतात. अशा घरांनी एक प्रश्न आवर्जून विचारावा: “डॉक्टर, याच्यावर शस्त्रक्रिया होण्यासारखी आहे का?”

मेंदूची शस्त्रक्रिया म्हटले की काळजात धस्स होते. पण हा प्रकार नवा नाही. डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ साली वेल्लोरला मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला आणि पुढच्या काही वर्षांतच तिथे फेफऱ्यावरही शस्त्रक्रिया होऊ लागल्या. अलीकडचा पुरावा पाहा. दिल्लीच्या एम्समध्ये गोळ्यांना दाद न देणाऱ्या ११६ मुलांचा अभ्यास झाला आणि तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. ५७ मुलांवर शस्त्रक्रिया केली, बाकीच्या ५९ जणांना औषधांवर ठेवले. वर्षभरानंतर पाहिले तर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी शेकडा ७७ मुलांची फिट थांबली होती. नुसत्या औषधांवरच्या मुलांत हे प्रमाण शेकडा ७ होते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १९ मुलांना गंभीर त्रास झाला, त्यात काहींच्या अंगाची एक बाजू दुबळी झाली. म्हणून निर्णय घाईने घ्यायचा नसतो.

सगळे अडते ते जागा सापडण्यावर. त्यासाठी डोक्याला तारा लावून विजेचा आलेख काढतात, रुग्णाला काही दिवस कॅमेऱ्यासमोर ठेवून फिट कशी सुरू होते ते पाहतात आणि एमआरआय यंत्राने मेंदूची चित्रे घेतात. पण मेंदूच्या घडणीतला दोष कधी इतका सूक्ष्म असतो की वाकबगार डॉक्टरच्याही नजरेतून सुटतो. मेंदूची साल एका ठिकाणी जराशी जाड असते, नाहीतर दोन थरांमधली रेघ किंचित पुसट असते, एवढेच.

इथे आता संगणक मदतीला आला आहे. बियाण्याच्या प्लॉटमधली भेसळ काढणारा जुना शेतकरी आठवा. हजारो रोपे पाहून त्याची नजर अशी तयार झालेली असते की ओळीतले परके रोप त्याला चटकन दिसते. संगणकाची नजर अशीच तयार करतात. दोष असलेल्या आणि नसलेल्या मेंदूंची शेकडो चित्रे त्याला दाखवतात, दोषाची जागा खूण करून देतात आणि मग नवे चित्र तपासायला देतात. लंडनच्या संशोधकांनी देशोदेशींच्या २३ केंद्रांतून ११८५ जणांची चित्रे जमवून असे काम केले. २०२५ साली त्यांनी कळवले की डॉक्टरांच्या नजरेतून निसटलेल्या दोषांपैकी शेकडा ६४ या पद्धतीने सापडले.

म्हणून यंत्रच सर्व काही करील असे समजू नका. शेकडा ३६ दोष त्यालाही दिसले नाहीत, आणि कधी कधी ते निरोगी जागेवरही बोट ठेवते. ते डॉक्टरांच्या हाताखालचा गडी आहे. त्याने दाखवलेली जागा बोलण्याच्या, स्मरणाच्या किंवा हात हलवण्याच्या केंद्राला लागून तर नाही ना, हे डॉक्टरांनाच पाहावे लागते. सूरी चालवायची की नाही, हे ठरवतात डॉक्टर आणि घरची माणसे.

आपण काय करावे? एक वही घाला. फिटची तारीख, वेळ, किती मिनिटे चालली आणि सुरुवात कोणत्या हातापासून किंवा डोळ्यापासून झाली, हे लिहा. घरात मोबाइल असेल तर फिटचे चित्रण करा. बीळ शोधायला डॉक्टरांना हाच पहिला माग. जुने कागद एका पिशवीत ठेवा. आधी पेण, रोहे किंवा अलिबागच्या सरकारी रुग्णालयात दाखवा आणि तिथून मेंदूच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी मागा. मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात हे विभाग आहेत. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा. चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर ताबडतोब दवाखाना गाठा. चुलीजवळ, विहिरीवर, पोहायला एकटे पाठवू नका.

आणि मायबहिणींनो, मुलीचे लग्न अडेल म्हणून आजार लपवू नका. हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या आड येणाऱ्या गोष्टींत पूर्वी फेफऱ्याचे नाव होते, ते १९९९ साली काढून टाकले आहे. लपवलेल्या आजाराची गोळी सासरी चोरून घ्यावी लागते, आणि चोरून घेतलेली गोळी एक दिवस चुकतेच. त्यापेक्षा लग्नाआधीच दोन्ही घरांनी डॉक्टरांसमोर बसून मोकळे बोलावे. पोरीचा जीव त्यातच सुरक्षित आहे.