फटफटीची बढती

यंदा जूनमध्ये माझी तीन वर्षे रखडलेली बढती एकदाची मंजूर झाली आणि फरकाची रक्कम एकदम हाती आली. आमच्या घरी अशा पैशांच्या वाटा ठरलेल्या असतात. आईचा मोतीबिंदू, स्वैपाकघरातल्या फरशा, मुलीची फी. या खेपेला ही तिन्ही कामे आधीच कर्ज काढून उरकली होती आणि कर्जही फिटत आले होते. तेव्हा मी सगळा धीर एकवटून रात्रीच्या जेवणात जाहीर केले, की मी बुलेट घेणार.

"पोलिसांत लागलास की काय रे?" आई म्हणाली.

"अहो, चाळिशी उलटली की लोक सकाळचे फिरायला जातात," असे सौभाग्यवतींचे मत पडले.

मुलगी यंदाच अठरा वर्षांची झाली आहे. तिने मला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, "बाबा, पाय टेकतील ना?"

वर्षभर या सदरातून शब्दांच्या खोड्या सांगणाऱ्या मास्तराने ऐन दिवाळीत फटफटीचे पुराण का लावावे, असे तुम्हाला वाटेल. पण हा शब्दच पाहा ना! तो कुठल्या पंडिताने घडवलेला नाही. आवाज ऐकून लोकांनी तो तिथल्या तिथे पाडला. माझ्या साताऱ्याच्या मामांकडे अशी एक खरीखुरी फटफटी होती. तिचा गिअर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या. ती सुरू करणे हा एक विधी असे. मामा आधी अँपिअरच्या काट्याकडे टक लावून पाहत, डिकॉम्प्रेसरची कळ दाबून किक अलगद खाली नेत, आणि मगच जोर लावत. हिशेब चुकला तर किक उलटी येई आणि पोटरीला असा प्रसाद देई, की मामा दोन दिवस लंगडत. तरीही ते लंगडणे मला मोठे रुबाबदार वाटे. लष्करासाठी मागवलेल्या या गाड्यांची जुळणी 1955 साली मद्रासला सुरू झाली. पुढे इंग्लंडातला मूळ कारखाना बंद पडला, मद्रासचा मात्र चालूच राहिला. हा सारा इतिहास मला मामांकडूनच पाठ झालेला.

स्वतःची गाडी घेण्याची वेळ आली तेव्हा मात्र मी मामांचा भाचा न राहता मास्तर झालो. 2004 साली स्प्लेंडर घेतली. 97 सीसीचे इंजिन, 8 अश्वशक्ती, वजन 110 किलोच्या आसपास. पुढल्या वर्षी लग्न झाले. या गाडीवर आम्ही दोघे नाटकांना गेलो, मग तिघे पेशव्यांच्या बागेत गेलो, गॅसचे सिलिंडर आणले, आणि एकदा तर चक्क पाटा आणला. एकवीस वर्षांत तिने मला कधी दगा दिला नाही. तिने मला काही शिकवलेही नाही, हे मात्र कळायला बुलेट यावी लागली.

नवी गाडी आता बटणावर सुरू होते आणि तिला किकच नाही. मामा असते तर त्यांनी तिला बुलेट म्हटले नसते. 349 सीसी, 20 अश्वशक्ती, 195 किलो. म्हणजे ताकद अडीचपट आणि वजन पावणेदोनपट. आमच्या स्टाफरूममधले भौतिकशास्त्राचे सहकारी म्हणाले, "यात खरा आकडा पिळाचा. तुमची जुनी 8 न्यूटन-मीटर, ही 27. तिपटीहून जास्त. जपून." मी विद्यार्थ्यासारखी मान डोलावली आणि विद्यार्थ्यासारखेच ते विसरलो.

दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या उतारावर, उभ्या उभ्या, गाडी उजवीकडे कलली. स्प्लेंडर कलली की मी तिला मांडीने सावरत असे. ही सावरेना. तिने मोठ्या शांतपणे मला बाजूला सारले आणि आडवी झाली. वरच्या गॅलरीतून दोन-तीन डोकी डोकावली. आमच्या गॅरेजच्या मिस्त्रींनी ती उचलायची रीत मागाहून दाखवली. आधी इंजिन बंद करायचे, बाजूचा स्टँड पडल्या अवस्थेतच उघडून ठेवायचा, गिअर टाकायचा, मग गाडीकडे पाठ करून, सीटला बूड टेकवून, पायांच्या जोराने मागे मागे रेटत उठायचे. कमरेने उचलू गेलात तर कंबर कायमची गाडीला वाहिली समजा.

हे सगळे हसण्यावारी गेले. पुढचे गेले नाही.

ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही दोघे वाईला, म्हणजे तिच्या माहेरी, निघालो. पाऊस उघडला होता. वाईहून तसेच पुढे पाचगणीला चढलो, कणीस खाल्ले आणि पसरणीच्या घाटाने उतरू लागलो. आता मोठ्या गाडीची गंमत सांगतो. स्प्लेंडर सत्तरच्या पुढे गेली की नखशिखान्त थरथरते, ओरडते, 'मास्तर, पुरे' म्हणते. ही सत्तरला नुसती गुणगुणते. वेग वाढल्याचे ती तुम्हाला सांगतच नाही. उतारावर मी मजेत होतो. एका डाव्या वळणात शिरल्यावर दिसले, की वळण वाटले होते त्याहून बरेच आवळलेले आहे आणि खालून एसटी येते आहे.

मी एकवीस वर्षे जे केले तेच केले. मूठ सोडली आणि उजवा पाय दाबला. पायाखालचा ब्रेक थडथडला (ती एबीएसची कृपा, एरवी मागचे चाक घसरलेच असते), पण गाडी थांबेना. ती वळेचना. मी एसटीच्या लाल तोंडाकडे पाहत होतो आणि गाडी मी पाहत होतो तिकडेच निघाली होती. शेवटच्या क्षणी हाताने काय केले ते हातालाच ठाऊक. एसटी माझ्या उजव्या कोपरापासून वीतभर अंतरावरून गेली. ड्रायव्हर काय बोलला ते या अंकात छापण्याजोगे नाही.

वाईपर्यंत मागून एक शब्द आला नाही. ढोल्या गणपतीपाशी तिने गाडी थांबवायला लावली. ती उतरली आणि कृष्णेच्या घाटावर जाऊन बसली. मीही जाऊन पायरीवर बसलो.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुम्ही पुढचा ब्रेक दाबलाच नाहीत."

"तुला काय ठाऊक?"

"मागं बसलेल्याला कळतं. अहो, मी रोज मंडईत स्कूटर घेऊन जाते. दोन्ही ब्रेक हातात असतात माझ्या." मग थोडे थांबून, "मी एसटीनं येते."

ती खरोखरच एसटीने आली. मी स्वारगेटपर्यंत त्या गाडीच्या मागे राहिलो. खंबाटकीच्या बोगद्यात, शिरवळला, कात्रजला. तीन-चार वेळा तरी पुढे जायला वाव होता, पण गेलो नाही. मागच्या काचेतून तिचे डोके अर्धे दिसत होते. तिने एकदाही वळून पाहिले नाही.

त्यानंतर मी रोज पहाटे साडेपाचला कॉलेजच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर जाऊ लागलो. वर्गातला खडू खिशात होताच. रस्त्यावर रेघ मारायची, ताशी चाळीसने यायचे, रेघेवर ब्रेक दाबायचा आणि थांबल्यावर पावले मोजायची. नुसता पायाचा ब्रेक दाबला तर 27 पावले, दोन्ही मिळून 14. सहकाऱ्यांनी कारण सांगितले. गाडी थांबू लागली की भार पुढे सरकतो, मागचे चाक हलके पडते, म्हणून खरे काम पुढच्या चाकाचे. आणि चाळीसचे छप्पन झाले, की गाडी थांबवायला जवळजवळ दुप्पट अंतर लागते. हे गणित स्प्लेंडरलाही लागू होते. पण तिचा वेगच बेताचा, त्यामुळे माझी चूक तिच्या पोटात राहिली.

मिस्त्रींनी आणखी एक सांगितले, ते मला थट्टा वाटले. "सर, पळत्या गाडीला डावीकडं न्यायचं तर डावी मूठ पुढं ढकला. आणि नजर वळणाच्या शेवटाला ठेवा. एसटीकडं बघाल तर एसटीत जाल." मूठ ढकलून पाहिली. गाडी डावीकडे अशी झुकली, की जणू इतके दिवस ती याच शब्दाची वाट पाहत होती.

स्प्लेंडर मी विकायला काढली होती, पण सौभाग्यवतींनी गिऱ्हाईक परत पाठवले. आता ती मुलगी चालवते. पहिल्या दिवशी तिच्या आईने तिला आवारात वीस फेऱ्या मारायला लावल्या, आणि प्रत्येक फेरीला ओरडून सांगत होती, "दोन्ही ब्रेक!" मी गॅलरीत उभा होतो. ते कोणाला ऐकवले जात होते ते सगळ्या सोसायटीला कळले असावे.

गेल्या रविवारी पहाटे मी निघालो तर ही जिन्याशी उभी होती. डोक्यावर हेल्मेट होते. "मला ती रेघ बघायचीय," म्हणाली. मागे बसली. चाळीसने आलो, रेघेवर दोन्ही ब्रेक दाबले. ती उतरली आणि स्वतः पावले मोजत गेली.

"सोळा," म्हणाली.

"तू बसल्यामुळं वजन वाढलं."

"बरं."

भाऊबीजेला वाईला जायचे आहे. एसटीचे आरक्षण तिने अजून केलेले नाही. मीही विचारलेले नाही.