मंडळ कोणाचे?

"काका, आमच्या लिनक्स मंडळाला काल तिघेच आले. बंद करतो झाले!" पुतण्या म्हणाला.

"बोलले कोण?"

"मीच. दोन तास!"

आता काय सांगावे? आमच्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. ते टिकले वाचकांच्या देवघेवीवर. लिनक्सचे तरी काय? १९९१ साली फिनलंडच्या लायनस टोरवाल्ड्‌सने आपले अर्धेमुर्धे काम लोकांपुढे मांडून सूचना मागितल्या. ज्याला सुधारता आले त्याने सुधारले, म्हणूनच ते वाढले.

"व्याख्यान पुरे," मी म्हटले. "ज्याचे अडले असेल त्याला संगणक घेऊन बोलाव. शिकेल त्याने पुढच्याला शिकवावे."

गेल्या रविवारी सातजण जमले. शिकवीत होती एक शाळकरी मुलगी. आणि आमचे चिरंजीव निमूटपणे चहा ओतीत होते!