वही दाखवण्याचे धाडस



स्वाध्याय लिहून पूर्ण झाला की तो आपण प्रथम कोणाला दाखवता? आपल्यापैकी अनेकांचे उत्तर ‘कोणालाच नाही’ असे असेल. वही थेट अभ्यासकेंद्रावर जाते आणि काही काळाने गुण हाती येतात. परीक्षकाने ती तपासलेली असते. परंतु तपासणे वेगळे आणि वाचणे वेगळे. वाचक ‘पुढे काय?’ म्हणून वाचतो, तर परीक्षक ‘किती गुण?’ म्हणून. लेखनाला प्रथम वाचक हवा, आणि दूरशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला असा वाचक बहुधा आपल्या सहाध्यायांतच मिळू शकतो, असे माझे मत आहे.

यावर एक आक्षेप लगेच उभा राहतो. सहाध्यायी आपल्याइतकाच अनभिज्ञ; एका आंधळ्याने दुसऱ्याला वाट काय दाखवावी? हा आक्षेप वरकरणी रास्त वाटतो. त्याचे उत्तर शोधताना न्यूयॉर्कमधील एक अनुभव विचारात घेण्याजोगा आहे. १९७० साली तेथील सिटी विद्यापीठाने शहरातील माध्यमिक शाळा उत्तीर्ण झालेल्या सर्वांसाठी आपली दारे खुली केली. पूर्वी ज्यांना उच्च शिक्षणाची पायरी चढता आली नसती, असे असंख्य विद्यार्थी महाविद्यालयांत आले. लेखन ही त्यांच्यापुढील मोठी अडचण होती. विद्यापीठांनी मदत देऊ केली, तरी अनेक विद्यार्थी तिच्याकडे फिरकत नसत. ब्रुकलिन कॉलेजातील अध्यापक केनेथ ब्रफी यांनी पुढे १९८४ मधील आपल्या एका निबंधात याचे कारण सांगितले: ती मदत वर्गाचेच दुसरे रूप भासत होती. तीच मदत सहविद्यार्थ्यांकडून येऊ लागली, तेव्हा ती स्वीकारली गेली. मदत देणाऱ्यांचे स्वतःचे लेखनही त्यातून सुधारत गेले, हेही त्यांनी नोंदवले.

हा अनुभव दूरचा असला तरी त्यातील संकोच आपल्या परिचयाचा आहे. चाळिशीनंतर शिक्षणाकडे वळलेल्या गृहिणीला, पाळी संपवून रात्री पुस्तक उघडणाऱ्या कामगाराला समंत्रकांसमोर वही उघडणे जड जाते. ‘एवढेही येत नाही?’ हा न विचारलेला प्रश्न आधीच ऐकू येतो. संपर्क सत्रे मोजकी, त्यांतील वेळ थोडा, आणि शंका विचारायला हात वर करावा तोवर तास संपतो. शिक्षण अर्ध्यावर सुटते ते दर वेळी बुद्धी कमी पडल्याने नव्हे. कित्येकदा ते एकटेपणामुळे सुटते.

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. सहाध्यायाला आपल्याहून अधिक येत नसेल. पण आपण काय लिहिले आहे हे त्याला आपल्याहून स्पष्ट दिसते, कारण आपल्या मनातले न लिहिलेले दुवे त्याच्याजवळ नसतात. समजा, ‘बलुतं’मधील निवेदनाचे वेगळेपण स्पष्ट करा, असा प्रश्न आहे. आपण दीड पान दया पवार यांच्या जीवनपरिचयाला दिले, नंतर कथानक सांगितले आणि ‘अशा रीतीने निवेदन प्रभावी ठरते’ असा समारोप केला. मैत्रीण वाचते आणि एवढेच विचारते, “यात निवेदनाविषयी तुम्ही कुठे लिहिलंत?” त्या एका प्रश्नासरशी लक्षात येते की, दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो आहे, एकच माणूस बोलणारा आणि ऐकणारा असा दुभंगला आहे, हा मुद्दा मनात होता, पण कागदावर उतरलाच नाही. मैत्रिणीने उत्तर सांगितले नाही. तिने ते आपल्याकडून काढून घेतले.

मात्र सहाध्यायाने सहाध्यायीच राहावे, हे महत्त्वाचे. अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या लष्करी अनाथालयातील शाळेत, स्थानिक मुले वाळूत अक्षरे गिरवतात हे पाहून, ती रीत अवलंबली आणि मुलांकडूनच मुलांना शिकवण्याची पद्धत रूढ केली. १७९७ मध्ये लंडनला तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. वाळूवर वा धूळपाटीवर अक्षरे गिरवणे आपल्याकडील जुन्या शाळांनाही अपरिचित नव्हते. परंतु इंग्लंडात ही पद्धत फोफावली तेव्हा मोठा विद्यार्थी शिक्षकाचा हस्तक झाला. घोकून घेणे आणि चुका मोजणे एवढेच त्याचे काम उरले. सहाध्यायी ‘मॉनिटर’ झाला की आपल्या संकोचाला पुन्हा तेच निमित्त मिळते.

दुसरा धोका याच्या उलट टोकाचा आहे. मोबाइलवरील गटात कोणीतरी लिहिलेल्या उत्तराची छायाचित्रे फिरतात आणि चाळीस वह्यांत एकच उत्तर उतरते. याला कोणी सहकार्य म्हणत असेल, तर ती शब्दाची विटंबना होय. मदत आणि नक्कल यांतील सीमारेषा ओळखणे कठीण नाही: लेखणी कोणाच्या हाती आहे, ते पाहावे. सोबत्याने प्रश्न विचारावेत, अडखळलेली जागा दाखवावी. वाक्य मात्र ज्याचे त्यानेच लिहावे.

मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक भान आवश्यक आहे. आपल्यापैकी कोणी अहिराणी, कोणी वऱ्हाडी, कोणी मालवणी घरातून आलेले आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम परीक्षेतील उत्तरासाठी अवश्य पाळावेत. ऱ्हस्व-दीर्घाची शंका कोशाला विचारावी, सोबत्याच्या अंदाजाला नव्हे. पण नियमांच्या नावाखाली लिहिणाऱ्याची बोलण्याची ढब पुसली जाऊ नये. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या दुसऱ्यांनी लिहून घेतल्या. तरीही १९५२ साली त्या पुस्तकरूपाने आल्या, तेव्हा शब्द बहिणाबाईंचेच राहिले. आपल्या वहीत अनेकदा नेमके उलटे घडते: अक्षर आपले असते आणि शब्द गाईडचे. चांगला सोबती अशा वाक्यापाशी थांबून म्हणतो, “हे तुमचं वाटत नाही. तुमच्या शब्दांत सांगा बरं.”

आरंभ कसा करावा? अभ्यासकेंद्रावरील एक किंवा दोन सोबती निवडा. प्रत्यक्ष भेट अशक्य असेल तर दूरध्वनी पुरतो. आपले उत्तर स्वतः मोठ्याने वाचा. लांबलेले वाक्य वाचताना धाप लागते, आणि निम्मी दुरुस्ती तिथेच होते. ऐकणाऱ्याला ‘कसे वाटले?’ असे विचारू नका; ‘छान’ याखेरीज उत्तर मिळणार नाही. ‘माझा मुख्य मुद्दा कोणता, ते एका वाक्यात सांगाल का?’ असे विचारा. त्याला तो सांगता आला नाही, तर दोष ऐकणाऱ्याचा नसून मांडणीचा आहे असे समजा. मग भूमिका बदला आणि त्याचे उत्तर तितक्याच लक्षपूर्वक ऐका. विषयासंबंधीचा वाद मिटला नाही, तर तो प्रश्न दोघांनी मिळून समंत्रकांकडे न्यावा. एकट्याला जो प्रश्न विचारवत नाही, तो दोघांना विचारता येतो.

पुढील स्वाध्याय जमा करण्यास अद्याप अवधी असेल. वही मिटण्यापूर्वी ती एका माणसाला वाचून दाखवा. पदवी प्रत्येकाला स्वतःच्याच कष्टाने मिळवायची आहे, यात शंका नाही. पण ती एकाकीपणे मिळवावी, असा नियम कोणत्याही विद्यापीठाने केलेला नाही.