मॅगसेफ, क्यूआय-२ आणि डोक्यातला शंट: चुंबकाला नेमकं कुणी घाबरायचं?

फोनच्या पाठीला चार्जर ‘टक्’ करून चिकटतो, ही सोय आयफोन १२ सोबत २०२० मध्ये आली. २०२३ मध्ये क्यूआय-२ हे मानक जाहीर झालं आणि चुंबकाची तीच रिंग बाकीच्या कंपन्यांनाही वापरता येऊ लागली. २०२५ च्या गुगल पिक्सेल १० मध्ये तर ती फोनच्या आतच बसवलेली आहे. शिवाय पॉवर बँक, गाडीतला स्टँड, टॅबलेटचं कव्हर, इअरबड्सची डबी अशा सगळ्यांत आता चुंबक असतो. बहुतेकांना याने काही फरक पडत नाही. पण ज्यांच्या डोक्यात शंट आहे, त्यांनी हे समजून घ्यायलाच हवं.

शंट म्हणजे काय?

आपल्या मेंदूभोवती आणि मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये एक द्रव फिरत असतो. एका वेळी तो साधारण १५० मिली असतो, पण दिवसभरात जवळपास ५०० मिली नवा तयार होतो आणि तेवढाच रक्तात शोषला जातो. हा निचरा अडला की द्रव साचतो. आपण त्याला ‘मेंदूत पाणी होणं’ म्हणतो, डॉक्टर हायड्रोसेफॅलस म्हणतात. उपाय म्हणून कातडीखालून एक बारीक नळी टाकतात, जी बहुधा पोटात उतरते. मध्ये, बऱ्याचदा कानाच्या मागे किंवा वर, एक व्हॉल्व्ह असतो. किती दाबाला पाणी सोडायचं, हे तो ठरवतो.

चुंबकाचा संबंध कुठे येतो?

व्हॉल्व्हचे ढोबळ दोन प्रकार आहेत. पहिला ठरावीक दाबाचा. त्याचा दाब कारखान्यातच ठरतो, नंतर बदलत नाही. दुसरा प्रोग्रॅमेबल. नाव ऐकून आत चिप असेल असं वाटतं, पण तसं नसतं. आत छोटे चुंबक बसवलेला एक फिरणारा भाग असतो. डॉक्टर बाहेरून चुंबकी उपकरण धरून तो फिरवतात, म्हणजे दाब बदलण्यासाठी पुन्हा ऑपरेशन लागत नाही.

अडचण इथेच आहे. हा चुंबक डॉक्टरांचा आहे की फोनचा, हे व्हॉल्व्हला कळत नाही. पुरेसा जोरदार चुंबक अगदी जवळ आला तर सेटिंग सरकू शकतं. मग पाणी कमी निघतं किंवा गरजेपेक्षा जास्त. काही नव्या व्हॉल्व्हमध्ये यासाठी लॉक असतं, सगळ्यांत नसतं.

दिलासा असा, की चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने उतरतो. लहान चुंबकापासून अंतर दुप्पट केलं तर जोर साधारण आठव्या हिश्शावर येतो. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये फोन आणि स्मार्टवॉच शरीरातल्या वैद्यकीय उपकरणांपासून ६ इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर दूर ठेवायला सांगितलं. ॲपलही मॅगसेफसाठी तेवढंच अंतर सांगते आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर दुप्पट. या सूचनांमध्ये ठळक नाव पेसमेकरचं येतं, त्यामुळे शंटवाल्या घरात त्या वाचल्या जाण्याची शक्यता कमी. खरं तर फोन थेट कानाला लागतो आणि व्हॉल्व्हही कानाजवळच असतो!

मग सगळ्यांनीच घाबरायचं का?

नाही. ठरावीक दाबाचा व्हॉल्व्ह असेल तर फोनमुळे सेटिंग बदलायचा प्रश्नच नाही, कारण बदलायला सेटिंगच नाही. उत्तर प्रदेशात शाहजहानपूरला बनणारा स्वस्त छाब्रा शंट याच पठडीतला. स्वस्त म्हणजे कमअस्सल, असंही समजू नका. डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी युगांडातल्या मुलांमध्ये त्याची तुलना कितीतरी महागड्या शंटशी केली, तेव्हा वर्षभरानंतरच्या निकालात लक्षणीय फरक दिसला नव्हता.

मोठा धोका वेगळाच आहे: नळी तुंबणं. लहान मुलांमध्ये पहिल्या दोन वर्षांत साधारण ४० टक्के शंट कुठल्या ना कुठल्या कारणाने बिघडतात. फोन लांब ठेवला म्हणून हे टळत नाही. चुंबकाच्या भीतीत ही लक्षणं नजरेआड होऊ नयेत.

एवढं करा

- आपला व्हॉल्व्ह कुठला, हे डिस्चार्ज कार्डवर बघा. नसेल तर सर्जनना विचारा. कंपनी, मॉडेल आणि सध्याचं सेटिंग लिहून कार्ड पाकिटात ठेवा, फोटो घरच्यांच्या फोनमध्येही ठेवा.
- प्रोग्रॅमेबल असेल तर फोन दुसऱ्या कानाला लावा किंवा स्पीकरवर बोला. उशीखाली फोन नको. त्या बाजूला मोठे हेडफोन लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. चुंबकाची खेळणी मुलाच्या डोक्याजवळ नकोत.
- एमआरआयआधी शंट आहे हे सांगाच. प्रोग्रॅमेबल असेल तर नंतर सेटिंग तपासायचं का, हेही विचारा.
- वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, नेहमीपेक्षा जास्त झोप, नजर किंवा चाल बिघडणं, बाळाची टाळू फुगणं, ताप किंवा नळीच्या रेषेवर लाली दिसली तर ‘उद्या बघू’ नको. न्यूरोसर्जन असलेलं रुग्णालय गाठा. उभं राहिल्यावर डोकं दुखून आडवं झाल्यावर थांबत असेल, तर पाणी जास्त निघत असू शकतं, तेही सांगा.

हे नंबर आणि पत्ते आजच लिहून ठेवा. रात्री दोन वाजता शोधाशोध करायला वेळ नसतो.