अकरा महिन्यांचं घर, दोन वीकएण्डचं काम

तुमच्या फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं आहे? मग पुढच्यापैकी निदान दोन गोष्टी तुमच्याकडे नक्की सापडतील. खिडकीला पडद्याऐवजी सेफ्टी पिनांनी अडकवलेली चादर. शिफ्ट झाल्यापासून न उघडलेलं एक खोकं, ज्याचं आता टेबल झालंय. खोलीत पांढराफट्ट बल्ब. आणि बाल्कनीत कपड्यांचा स्टॅण्ड, पाण्याचा रिकामा जार आणि आधीचा भाडेकरू सोडून गेलेली वाळकी तुळस.

का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. 'भाड्याचंच तर आहे, उगाच कशाला खर्च? स्वतःचा फ्लॅट झाला की करू ना मस्त!'

ठीक आहे. आता जरा हिशोब करू या. अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं असलं तरी बहुतेक वेळा ते रिन्यू होत राहतं. अशी पाच अ‍ॅग्रीमेंटं झाली की पंचावन्न महिने. म्हणजे साडेचार वर्षं! पंचविशीत पुण्याला किंवा मुंबईला आलेला माणूस तिशीला टेकतो आणि खिडकीला अजून चादरच. एवढी वर्षं घरी परतायचं, पण घर काही करायचं नाही, हा कुठला फंडा?

खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे. दुसऱ्याच्या भिंतींवर पैसे ओतायचे नाहीतच. म्हणून या आठवड्याचा प्लॅन साधा आहे : दोन वीकएण्ड, दोन हजार रुपये आणि प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न. भिंतीला भोक पडतं का? टेम्पोत बसतं का? पुढच्या घरात वापरता येईल का? पहिल्याचं उत्तर 'नाही' आणि बाकी दोघांचं 'हो' आलं, तरच वस्तू घरात.

आधी कागद, मग कात्री

कामाला लागण्यापूर्वी अ‍ॅग्रीमेंट एकदा वाचा. हो, सगळं! खिळे, रंग, फिटिंग्ज यांबद्दल काय लिहिलंय ते बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असणं आणि त्याची नोंदणी होणं बंधनकारक आहे, आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तुमच्या डिपॉझिटचा आकडा त्यात नीट लिहिलाय ना, तेही याच वेळी तपासा.

मग मोबाइल काढा आणि प्रत्येक भिंतीचे, बाथरूमच्या नळांचे, खिडक्यांच्या काचांचे फोटो काढून स्वतःलाच मेल करा. जुनी भोकं, ओल, पोपडे सगळं येऊ द्या. काम पाच मिनिटांचं, पण घर सोडताना 'हे तुम्हीच केलंत' असं कुणी म्हणालं, तर तारखेसकट उत्तर तयार असेल.

पहिला शनिवार : फक्त बल्ब बदला

घर घरासारखं वाटत नाही, यामागे बरेचदा एकच व्हिलन असतो. छताजवळचा, ऑफिससारखा पांढरा प्रकाश. बल्बच्या खोक्यावर केल्विनमध्ये एक आकडा लिहिलेला असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, २७०० ते ३००० म्हणजे उबदार पिवळसर. दुकानात 'वॉर्म व्हाइट' मागायचा. नऊ वॅटचा एलईडी साधारण शंभराच्या आसपास मिळतो. असे दोन घ्या.

एक बेडरूममध्ये लावा. दुसऱ्यासाठी टेबलावर किंवा जमिनीवर ठेवता येईल असा एखादा लॅम्प शोधा, म्हणजे प्रकाश डोक्यावरून न पडता बाजूने येईल. लॅम्प नवा घ्यायची गरज नाही. घरी कपाटावर एखादा धूळ खात पडलेला असतोच. स्वयंपाकघरात आणि अभ्यासाच्या टेबलापाशी मात्र पांढरा प्रकाश राहू द्या. तिथे मूड नको, कांदा नीट दिसायला हवा. आणि जाताना ओनरचे जुने बल्ब परत लावायचे, आपले घेऊन जायचे. म्हणून जुने फेकू नका.

रविवार : आईची साडी, खिडकीची शोभा

रेडिमेड पडद्यांच्या किमती बघून चादर परत लावावीशी वाटते ना? मग घरी फोन करा. प्रत्येक आईकडे 'आता नेसत नाही, पण टाकवत नाही' अशी एक सुती साडी असतेच. ती मागून घ्या. विचारल्याशिवाय नव्हे हं! कापायची आहे हेही आधीच सांगा.

आता गणित. साडी साडेपाच मीटरची. सात फुटांच्या पडद्याला वरची रॉडची पट्टी आणि खालची दुमड धरून सुमारे २.३ मीटर कापड लागतं. दोन पडद्यांना ४.६ मीटर. उरले नव्वद सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ आख्खा पदर. त्यात सोळा इंचांच्या उश्यांचे दोन अभ्रे बसतात. मागे एकावर एक येणारी घडी ठेवली की चेनही लागत नाही. साडीचे काठ पडद्याच्या दोन्ही कडांना उभे येतात आणि पदराची नक्षी उशीवर. सही ना?

कापण्याआधी साडी उजेडासमोर धरून बघा. जिथे कापड विरलंय तो भाग टाळा. शिवणयंत्र नसेल तरी अडत नाही. गल्लीतल्या फॉल-पिको करणाऱ्या ताईंकडे मापं लिहून द्या, सरळ शिलाईचं काम त्या पटकन करून देतात. आणि रॉड? खिडकी भिंतीच्या आत असेल, तर दोन बाजूंना दाब देऊन बसणारा स्प्रिंगचा रॉड घ्या. ड्रिल नाही, खिळा नाही. सुती साडीचं वजन तो आरामात पेलतो. जाड पडदे मात्र त्यावर लटकवू नका.

चिकटणारे हूक वापरणार असाल, तर पाकिटावरचं वजन वाचा आणि त्याच्या निम्मंच टांगा. ओल आलेल्या किंवा पोपडे सुटणाऱ्या भिंतीवर ते लावूच नका. हूक तर पडेलच, वर रंगाचा तुकडाही घेऊन येईल.

दुसरा शनिवार : पेट्यांचं बुकशेल्फ

फळांच्या लाकडी पेट्या ही आपल्याकडची सर्वांत दुर्लक्षित फर्निचरची जात आहे. मार्केट यार्डात, मंडईजवळ किंवा तुमच्या नेहमीच्या फळवाल्याकडे चौकशी करा. सारख्या मापाच्या तीन मिळाल्या की झालं. लाकडात बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला, तर ती पेटी सोडून द्या. तो किडा पुस्तकांसोबत तुमच्या घरी राहायला येईल.

घरी आणून दिवसभर उन्हात ठेवा. वर आलेले खिळे पक्कडीने काढा किंवा आत ठोका. आधी ८० नंबरचा, मग १२० नंबरचा पॉलिशपेपर मारा, ओल्या फडक्याने पुसा आणि पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे दोन हात द्या. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा! वास कमी येतो आणि ब्रश नळाखाली धुता येतो.

पेट्या एकमेकींना जोडताना खिळे मारू नका. गिरमिटाने भोकं पाडून वॉशर घालून नट-बोल्ट लावा. का? कारण शिफ्टिंगच्या दिवशी पान्याने चार बोल्ट सोडवले की तुमचं बुकशेल्फ परत तीन पेट्या होतं आणि तीच पुस्तकं त्यातच भरून टेम्पोत चढतात. पॅकिंगची खोकी शोधत फिरायला नको! भिंतीला टेकवलेलं नुसतं शेल्फ आहे, म्हणून तीन पेट्यांपेक्षा उंच जाऊ नका आणि जाडजूड पुस्तकं सगळ्यात खाली ठेवा.

एक सावधगिरीची सूचना. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात रंगवलेलं जुनं स्टूल, खुर्ची मिळाली, तर तिचा रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं किती, हे नुसतं बघून कळत नाही, आणि घासल्यावर त्याची धूळ नाकातोंडात जाते. घरात लहान मूल असेल किंवा येणार असेल, तर अशी वस्तू न घेतलेलीच बरी. बिनरंगाचं लाकूड शोधा, ते बहुधा स्वस्तही पडतं.

दुसरा रविवार : बाल्कनीतली मेथी

बाल्कनी छोटी आहे ही सबब चालणार नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या (आताची पोर्ट अ‍ॅथॉरिटी) सेंट्रल किचनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २०००च्या दशकाच्या सुरुवातीला किचनमधल्याच ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली. कचरा टाकण्याऐवजी त्याचीच माती करायची, हा त्यातला फंडा आपल्या चार फुटांनाही लागू पडतो.

सुरुवात दिशेपासून. बाल्कनीत चार-पाच तास ऊन येत असेल, तर पालेभाज्या लावा. उत्तरेकडची, सावलीतली असेल, तर मनीप्लँट आणि स्नेक प्लँट तुमचे दोस्त. उन्हाविना टोमॅटो लावून स्वतःला आणि टोमॅटोला छळू नका.

मेथी आणि कोथिंबिरीला सहा इंच खोलीचा टब पुरतो. बेकरीतून आणलेला थर्माकोलचा डबा किंवा फुटका टबही चालेल, फक्त तळाला भोकं हवीत. माती, कंपोस्ट आणि कोकोपीट समप्रमाणात मिसळा. डब्यातली स्वयंपाकाची मेथी रात्रभर भिजवून पेरा. तीन-चार दिवसांत कोंब आणि तीन-साडेतीन आठवड्यांत जुडी! धने मात्र लाटण्याने हलकेच रगडून त्यांचे दोन भाग करा, भिजवा आणि मग पेरा. ते निवांत उगवतात, दहा-बारा दिवस लागतात. 'आलंच नाही' म्हणून आठव्या दिवशी माती उकरू नका. पुदिना तर बाजारातल्या जुडीतूनच होतो. दोन जाड काड्यांची खालची पानं काढून पाण्याच्या ग्लासात ठेवा, मुळं फुटली की कुंडीत.

मातीच्या कुंड्या हव्या असतील, तर कुंभारवाड्यात चक्कर मारा. भरण्याआधी त्या काही तास पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर मातीतलं पाणी कुंडीच पिऊन टाकते.

आणि दोन नियम, ज्यांत तडजोड नाही. पहिला : एकही कुंडी कठड्यावर किंवा ग्रिलच्या बाहेर ठेवायची नाही. ओल्या मातीने भरलेली बारा इंची कुंडी सहज वीस किलोंच्या वर जाते आणि खाली माणसं चालत असतात. कुंड्या बाल्कनीच्या आत, जमिनीवर, भिंतीलगत. दुसरा : कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून ताटली घासायची. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतणं पुरेसं नाही, कारण अंडी कडेला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन् महिने तग धरतात. म्हणून घासणं महत्त्वाचं. रविवारचा मुहूर्त धरा, विसरणार नाही.

दोन हजारांचा हिशोब

बल्ब २५०. रॉड आणि शिलाई ६००. पेट्या, रंग, पॉलिशपेपर, नट-बोल्ट ५५०. बाल्कनीची माती, कोकोपीट, कंपोस्ट, एक-दोन कुंड्या ६००. आकडे अंदाजी आहेत, दुकानागणिक आणि घासाघिशीच्या कौशल्यागणिक बदलतील. फ्लॅटमेट असेल तर अर्धे-अर्धे करा, पण वस्तू कुणाची हे आधीच ठरवा. पेट्या एकाच्या, पडदे दुसऱ्याचे. नाहीतर वेगळं होताना बुकशेल्फवरून मैत्री तुटायची!

आणि हो, सुरुवात त्या न उघडलेल्या खोक्यापासून करा. आत काय आहे ते तुम्हीही विसरला असाल. बहुधा घरून आणलेली सोलापुरी चादर निघेल. ती बेडवर अंथरा आणि खिडकीवरच्या चादरीला रिटायर करा. बाल्कनीतली वाळकी तुळसही काढून टाकू नका. खोड नखाने थोडं खरवडून बघा, आत हिरवं दिसलं तर सुक्या काड्या छाटा आणि पाणी द्या. ती अजून जिवंत आहे.

पुढच्या आठवड्यात : ओनरच्या परवानगीने स्वयंपाकघराची एक भिंत कशी रंगवायची. आणि परवानगी कशी मागायची, तेही!