इथिओपियाचा स्वस्त मजुरीचा डाव

इथिओपियाची राजधानी अदिस अबाबाच्या दक्षिणेस सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर हवासा हे सरोवराकाठचे शहर आहे. जुलै २०१६ मध्ये तेथे एका औद्योगिक वसाहतीचे थाटात उद्घाटन झाले. सुमारे २५ कोटी डॉलर खर्चून एका चिनी कंपनीने अवघ्या नऊ महिन्यांत ती उभारली होती आणि तीतून साठ हजार रोजगार निर्माण होतील, असे सांगण्यात आले होते. केल्विन क्लाइन आणि टॉमी हिलफिगर या नाममुद्रांची मालक असलेली अमेरिकेची ‘पीव्हीएच’ तेथे आली. तिच्यापाठोपाठ आलेल्यांत ठाण्यात वाढलेला रेमंड उद्योगही होता. आफ्रिकेतील पुढचे बांगलादेश म्हणून तेव्हा या देशाकडे बोट दाखवले जात होते.

या स्वप्नामागे एक निश्चित विचार होता. २०१२ मध्ये निधन पावलेले पंतप्रधान मेलेस झेनावी यांनी दक्षिण कोरिया आणि तैवान यांचा कित्ता डोळ्यांपुढे ठेवला होता. सरकारने कर्ज काढून रस्ते, धरणे, रेल्वे बांधावी, जमीन आणि वीज स्वस्त द्यावी आणि परदेशी उद्योगांना मजुरांची फौज तयार ठेवावी, असे हे सूत्र. १९९३ मध्ये इरिट्रिया स्वतंत्र झाल्यापासून या देशाला समुद्रकिनारा उरलेला नाही. म्हणून जिबुती बंदरापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरचा विद्युत रेल्वेमार्ग चिनी कर्जातून टाकण्यात आला. सरकारी आकडे प्रमाण मानले, तर २००४ नंतरचे दशकभर अर्थव्यवस्था दरसाल दहा टक्क्यांच्या आसपास वाढत होती. त्या काळात दारिद्र्यही घटले, हे नाकारता येणार नाही.

प्रश्न मजुरीचा होता. खासगी क्षेत्रासाठी किमान वेतनाचा कायदाच इथिओपियात नव्हता आणि गुंतवणूकदारांना दाखवण्याचे सर्वांत मोठे आमिषही तेच होते. २०१९ च्या सुमारास हवासातील नव्या कामगाराचा मूळ पगार महिन्याला सुमारे २६ डॉलर होता, तर त्याच वेळी बांगलादेशातील किमान वेतन ९५ डॉलरच्या घरात होते. कामाला येणाऱ्या बहुतेक जणी आसपासच्या सिदामा खेड्यांतून आलेल्या विशीच्या आतबाहेरच्या मुली. चौघी-चौघींनी एक खोली भाड्याने घ्यायची, भाडे आणि जेवण भागवायचे, आणि घरी पाठवायला हातात काही उरत नाही हे कळले की गावी परतायचे! त्यामुळे शिकवलेला हात कारखान्यात राहीना. नवा हात पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागे आणि उत्पादकता आशियाई कारखान्यांच्या मागेच राही. पगार कमी, पण दर शर्टामागची मजुरी मात्र अपेक्षेइतकी कमी नाही, असे हे विचित्र गणित होते.

अर्थतज्ज्ञ ख्रिस्तोफर ब्लॅटमन आणि स्टीफन डरकॉन यांनी इथिओपियातीलच पाच उद्योगांत केलेला प्रयोग येथे फार बोलका ठरतो. नोकरीसाठी अर्ज केलेल्या सुमारे हजार उमेदवारांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून नोकरी देण्यात आली, तर काहींना तीनशे डॉलर आणि व्यवसायाचे जुजबी प्रशिक्षण. नोकरी मिळालेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश पहिल्याच महिन्यात आणि तीनचतुर्थांशांहून अधिक वर्षभरात काम सोडून गेले. त्यांची कमाई बाजारात फुटकळ कामे करणाऱ्यांपेक्षा जास्त नव्हतीच, उलट प्रकृतीच्या तक्रारी वाढल्या. तीनशे डॉलर मिळालेल्यांचे उत्पन्न वर्षभरानंतर तेहेतीस टक्के अधिक होते. मात्र पाच वर्षांनी हा फरकही पुसला गेला. रोख मदतीचा जयजयकार करणाऱ्यांनी हा दुसरा निष्कर्ष सोयीस्करपणे विसरू नये.

पुढचा घाव राजकारणाने घातला. नोव्हेंबर २०२० मध्ये टिग्रे प्रांतात युद्ध पेटले. मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे कारण देऊन अमेरिकेने १ जानेवारी २०२२ पासून इथिओपियाची शुल्कमुक्त निर्यातीची सवलत काढून घेतली. हवासाचा सारा हिशेब या सवलतीवर बेतलेला असल्याने ‘पीव्हीएच’ने त्याआधीच, नोव्हेंबर २०२१ मध्ये, कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर केला होता. युद्धाशी काडीचा संबंध नसलेल्या, शेकडो किलोमीटर दूरच्या मुलींच्या नोकऱ्या त्यात गेल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रिटोरियात शांतता करार झाला, पण पुढच्याच वर्षी अम्हारा प्रांतात संघर्ष उफाळला.

कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये रोख्यांवरील ३.३ कोटी डॉलरचे व्याज थकले. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधान अबी अहमद यांच्या सरकारने ‘बिर’ हे चलन बाजाराच्या हवाली केले आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ३.४ अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला. डॉलरमागे ५७ असलेला बिरचा दर वर्षभराच्या आत १३० च्या पलीकडे गेला. कॉफी उत्पादकाला याचा लाभ होतो. कापड बाहेरून आणून शिवणाऱ्या कारखान्याला मात्र तो अर्धामुर्धाच मिळतो आणि त्यातील मजुराला इंधन व धान्याच्या महागाईची झळ तेवढी पूर्ण सोसावी लागते.

बारा कोटींहून अधिक लोकसंख्येच्या या देशात दरवर्षी सुमारे वीस लाख तरुण कामाच्या शोधात बाहेर पडतात. हवासात २०१९ च्या सुमारास पंचवीसेक हजार कामगार होते, हे लक्षात घेतले म्हणजे प्रमाण कळते. बाकीच्यांना सामावून घेणारे लहान उद्योग उभे राहिले नाहीत, याला सरकारी धोरणही कारणीभूत आहे. २०११ पासून २०१९ पर्यंत खासगी बँकांना दिलेल्या कर्जाच्या २७ टक्के इतकी रक्कम मध्यवर्ती बँकेच्या अल्पव्याजी रोख्यांत गुंतवणे सक्तीचे होते. तो पैसा सरकारी प्रकल्पांकडे वळला आणि गावातला चर्मकार किंवा तेलघाणा चालवणारा कर्जासाठी ताटकळत राहिला. जमीन सरकारच्या मालकीची, म्हणून ती विकून भांडवल उभे करण्याचा मार्गही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेने परदेशी बँकांना दार उघडणारा कायदा संमत केला. मात्र अशा बँका सहसा आधी राजधानीतील मोठे निर्यातदार गाठतात. त्या तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचाव्यात, अशी कोणती अट परवाना देताना घातली जाते, हे आता पाहावे लागेल.